काकूंची सेटिंग

बायको गेली आणि महिन्याभरात तिची छोटी मोटरसायकलही अडून बसली. कार्बोरेटर झिजला होता. सुकार्दी दुसऱ्या कंपनीचा नवा घेऊन क्लातेन गावातल्या मेकॅनिक मुल्योनोकडे आला. तिची गाडी वर्षानुवर्षं तोच बघायचा. सुकार्दीचा मात्र कुठल्याच मेकॅनिकवर भरवसा नव्हता. काढलेला जुना कार्बोरेटर त्याने आधी मागून घेतला, फडक्यात बांधला आणि मुल्योनोच्या हातांवर नजर ठेवून बसला.

नवा बसवून मुल्योनोने गाडी चालू केली, कान देऊन स्क्रू फिरवला. इंजिन हळू, एका लयीत चालू लागलं. सुकार्दी उठणार, तोच मुल्योनोने स्क्रू पुन्हा आवळला. गाडी उभ्या जागी बोंबलायला लागली.

"चांगली चालली होती की! पेट्रोल ढोसून पुढच्या महिन्यात परत तुझ्याच दारात यावी, असंच ना?"

"काका, काकूंची गाडी मी कायम अशीच लावून द्यायचो."

"म्हणजे तिलाही गंडवत होतास."

मुल्योनोने गाडी बंद केली.

"त्याच सांगायच्या, आवाज गल्लीच्या तोंडापासून घरात ऐकू गेला पाहिजे. म्हणायच्या, डॉक्टरांनी बंद केलेली सिगारेट म्हातारा चोरून ओढतो. मी अचानक दारात आले की पेटतीच लुंगीत लपवतो. एकदा मांडी भाजली, तर मला म्हणाला, कॉफी सांडली."