लंडन जवळ आहे

१९८६ साली लखनौच्या अलीगंजमध्ये राहणाऱ्या बाबूराव तायडेंच्या मुलीला, प्रज्ञाला, थेट लंडनचं स्थळ सांगून आलं. मुलगा डॉक्टर होता. पण प्रज्ञाच्या आईनं, सुभद्राबाईंनी, जेवणच सोडलं.

"एवढ्या लांब कुणी लेक देतं का? पोरीचं तोंड कधी दिसायचं?"

बाबूरावांनी भिंतीवरचा नकाशा उतरवून जमिनीवर पसरला. "हे बघ. लखनौ ते दिल्ली विमानानं एक तास, दिल्ली ते लंडन नऊ. झाले दहा. आणि तुझं माहेर अकोला. भुसावळला गाडी बदलून तीस तास. मग लांब काय?"

"अकोला," सुभद्राबाई चाचरत म्हणाल्या.

"झालं तर! अंतर मैलांत नाही, तासांत मोजायचं."

"अच्छा! म्हणजे माझ्या भावापेक्षा लेक जवळ पडणार?"

सुभद्राबाईंनी डोळे पुसले आणि दोन दिवसांच्या उपासानंतर भाकरीचा तुकडा मोडला. बाबूराव लगेच होकाराचं पत्र लिहायला बसले. इतका वेळ दारात उभी राहून ऐकणारी प्रज्ञा घाईघाईनं पुढं आली.

"पप्पा, घंटे ही गिनने हैं, तो विकास नगर स्कूटर से दस मिनट है."

"असेल. पण विकास नगरात आपलं आहे कोण?"

 

"अभी तो कोई नहीं. आप हाँ कर दो, तो दामाद."