पहिल्या मंगळवारचा सायरन

इथे अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये, दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी दहाला, टोर्नेडोचा सायरन टेस्ट करतात.

तो वाजला की आमचे हे, मनोहर, बेसमेंटमध्ये उतरायचे. बाटल्यांतलं पाणी बदलून त्यांवर मार्करने तारीख घालायचे आणि दोन घडीच्या खुर्च्या मांडून बसायचे. "रत्ना, खाली ये. बूट घालून ये, खरंच आला तर काचा असतील."

मी वरूनच ओरडायचे, "अहो, टेस्टच आहे. चहा निवतोय, वर या."

अकरा वर्षांत मी एकदाही खाली गेले नाही.

जानेवारीच्या शेवटी, ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना, ते गेले.

आज एप्रिलचा पहिला मंगळवार. सायरन सुरू झाला आणि मी बूट घालून खाली उतरले. बाटल्यांवर त्यांच्या अक्षरातली जानेवारीची तारीख होती. मी पाणी बदललं, दोन्ही खुर्च्या मांडल्या, एकीवर बसले. "आले हो," म्हटलं.

सायरन थांबला.

वरून, स्वयंपाकघरातून, माझाच आवाज आला.

"अहो, टेस्टच आहे. चहा निवतोय, वर या."

शेजारची खुर्ची करकरली. जिन्यावर पावलं वाजू लागली, सावकाश, गुडघ्यावर हात ठेवून चढल्यासारखी.

"अहो, मी इथे आहे," मी म्हणाले.

पावलं थांबली नाहीत.