तोड संपली

जतहून ऊसतोडीला आलेली रत्नव्वा दिवसभर फडात असायची आणि तिचा दीड वर्षाचा बिरू संयोगिताच्या अंगणात खेळायचा. संयोगिताला मूल नव्हतं. बिरूला तीच भरवायची, तीच निजवायची.

होळी झाली, तोड संपली. बिऱ्हाडं ट्रॉलीत चढली. संयोगितानं बिरूचं नाक पुसलं, झबल्याची बटणं लावली आणि त्याला रत्नव्वाच्या हातात दिलं. ट्रॅक्टर हलला तसा तो अंगणाकडं दोन्ही हात पसरून रडायला लागला, "आई! आई!"

"तुला बोलावतोय गं," संयोगिता घाईनं म्हणाली.

त्याला पोटाशी आवळत रत्नव्वा म्हणाली, "ताई, माझ्या तर मांडीवरच हाय की त्यो."