काचपट्टी

खांबाच्या भेगेवर चिकटवलेली काचपट्टी अखंड होती आणि तिच्यावर धुळीचा कणही नव्हता. दगड हलला तर काच तुटेल, म्हणून अभियंता आफ्रीनने ती तीन वर्षांपूर्वी लावली होती. ती शाबूत दिसायची, म्हणून वैनगंगेकाठचं हे आठशे वर्षांचं देऊळ बंद करायचा निर्णय दर जत्रेला पुढे ढकलला जायचा.

"काच रोज पुसता का, भाऊ?" तिने गुरवांना विचारलं.

"नाई जी, तुटली का नवी लावतो. देवाच्या घरी फुटकी काच कशी ठेवाची? पयले सालाले एक तुटे. ह्या महिन्यात तीन तुटल्या."

आत घंटा वाजत होती, जत्रेची रांग सरकत होती.

 

"लोकांना हळूहळू बाहेर आणा, भाऊ. देऊळ बंद."