फुकटातला व्हिसा

"म्हणजे आमचं काहीच लागणार नाय?" सावळीरामनं तिसऱ्यांदा विचारलं.

"काहीच नाही, काका." नाशिकमधल्या इंदिरानगरच्या छोट्या ऑफिसात एजंट सुनील हसला. "तुमच्या हर्षालीला नर्स म्हणून परदेशातलं हॉस्पिटल नेतंय. व्हिसाची फी, सरकारी आकार, तिकीट, सगळं त्यांच्या अंगावर. उमेदवाराकडून रुपया जरी गेला, तरी ऑफर रद्द. आमचंही दुकान बंद."

लाखांचा खर्च.

भरणार परका माणूस.

का?

निफाडला पोचेपर्यंत सावळीरामच्या डोक्यातला किडा वळवळत होता. गेल्या साली द्राक्षाच्या बागेत असाच एक गोडबोल्या व्यापारी आला होता. सौदा पक्का करायचा आगाऊ विसार न देताच माल तोडून घेऊन गेला. त्याचा फोन अजून बंद होता.

"आबा, सगळ्यांवरच कसला संशय घेता?" हर्षाली वैतागली. "परीक्षा देऊन देऊन जीव गेलाय माझा. आता घोळ घालू नका."

"मी कशाला घोळ घालू?"

दुसऱ्या दिवशी तो एकटाच गेला. घरच्या द्राक्षांची पेटी सुनीलसमोर ठेवली. स्वतः भरलेली, स्वतः सुतळीनं बांधलेली.

"हे नको, काका. खरंच."

"द्राक्षं हायेत रे. पोराबाळांना दे."

सुनीलनं नाइलाजानं पेटी उचलून कपाटावर ठेवली.

शुक्रवारी शेवटची मुलाखत, तिथंच, कॉम्प्युटरवर. पलीकडे हॉस्पिटलच्या मंजुषा मॅडम. त्या मूळच्या नाशिकच्याच. हर्षाली धडाधड उत्तरं देत होती. सावळीरामची नजर मात्र कपाटावर.

पेटी तिथंच. गाठही त्याचीच.

निफाडची द्राक्षं, आणि एक मणीसुद्धा चाखावासा वाटला नाही? मनात काळंबेरं असलेला माणूसच असा हात आखडून बसतो.

"अभिनंदन, हर्षाली," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांना विचारावा लागतो असा एकच प्रश्न राहिला. या नोकरीसाठी तुम्ही कुणाला काही पैसे दिलेत?"

"नाही, मॅडम."

सावळीरामनं खुर्ची पुढे ओढली.

"आबा, तुम्ही बसा ना गप."

"थांब गं. मॅडम, पोरीला माहीत नाय." त्यानं कपाटाकडे बोट केलं. "फुकट नेली असं उद्या म्हणायचं नाय. द्राक्षांखाली पन्नास हजार विसार ठेवलाय. सोडा गाठ, घ्या मोजून."