झाडाची भूमिका

हुडकेश्वरच्या मंडळाला अनुदान मिळालं, ते सगळ्यांना सामावून घेणारं नाटक करायचं म्हणून. त्यामुळे दिग्दर्शिका श्वेताने ऐकता-बोलता न येणाऱ्या मयुराला घेतलं, आणि तिला झाड केलं.

"मॅडम, पोरगी घरी सगळ्यायचे डायलॉग हातानं बोलून राहिली," तिची आई तालमीत म्हणाली.

"झाडाले कुठं हात असतात, काकू?" श्वेता हसली.

प्रयोगात नायक झालेला रोहित ऐन रंगात वाक्य विसरला. तेवढ्यात त्याच्या मागच्या झाडाच्या फांद्या हलल्या. मयुरा त्याचं वाक्य हातांनी बोलत होती. शेवटच्या रांगेत तिच्या कर्णबधिरांच्या शाळेतल्या मैत्रिणी इतका वेळ जांभया देत बसल्या होत्या. त्या ताडकन उठल्या आणि दोन्ही हात उंच करून हलवू लागल्या. त्यांच्यात टाळ्या अशाच वाजवतात.

पहिल्या रांगेतले अनुदान देणारे पाहुणे मागे वळून पाहायला लागले. विंगेतून श्वेताने घाबरून हात उंचावून मयुराला खूण केली, हलू नको. मयुरा लगेच थांबली. मागचे हातही खाली आले.

श्वेताला स्वतःचा हात मात्र खाली घेता येईना. दोन महिन्यांच्या तालमीत मयुराच्या भाषेतली ती एवढी एकच खूण शिकली होती.