पहिली वीट

बांधकामं यंत्रांकडे गेल्यापासून घरी बसलेल्या गवंड्यांसाठी सरकारने सोलापुरात प्रशिक्षण वर्ग काढला होता. यंत्र भिंत बांधणार आणि गवंड्याने शेजारी उभं राहून लक्ष ठेवायचं, एवढंच शिकायचं होतं. यल्लाप्पा धोत्रे मागच्या बाकावर नागनाथजवळ बसला. दोघांनी वीस वर्षं एकाच परांचीवर काम केलं होतं.

शिकवणाऱ्या मॅडमनी यंत्र चालू केलं. लोखंडी हाताने पहिली वीट उचलली, नसलेल्या कपाळाला टेकवावी तशी क्षणभर उंच धरली आणि मग अलगद सिमेंटवर ठेवली.

यल्लाप्पाने ती लकब ओळखली. दोन वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाला जातो असं नागनाथला सांगून तो पुण्याला गेला होता. तिथे अशी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत तारा लावलेले हातमोजे घालून त्याने आठ दिवस भिंती बांधल्या होत्या. पहिली वीट कपाळाला लावायची त्याच्या बापाची रीतही त्या हातमोज्यांनी टिपून घेतली होती.

"हे असं का करतं, कंपनीलाही सांगता येत नाही," मॅडम हसून म्हणाल्या. "तुमच्यात कोणी करतं का हो असं?"

नागनाथ यल्लाप्पाकडे वळून बराच वेळ बघत राहिला. मग तो उठून उभा राहिला.

"आम्ही सगळेच करतो, मॅडम."

याच सवयीवरून नागनाथ वीस वर्षं त्याची टर उडवत आला होता. यल्लाप्पाला मान वर करवेना.